जुनी पोर्श 911 घेण्यापूर्वी तिचा मालक तपासावा

पोर्श 911 चे परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण अशी की गाडीविषयी नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती 901 या नावाने मांडली गेली, मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी ती 911 झाली, आणि तेव्हापासून सहा सिलिंडरचे बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेले) इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, चावी दाराकडच्या बाजूला आणि चालकासमोरच्या तबकड्यांच्या मध्यभागी आरपीएमची मोठी तबकडी हा संसार कित्येक पिढ्या जवळजवळ तसाच चालत आला आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन 911 मध्ये जेव्हा जमीन-अस्मानाचा फरक आढळतो, तेव्हा तो बहुतेक वेळा कारखान्यात पडलेला नसतो, मालकाच्या स्वभावाने पाडलेला असतो. म्हणून हे परीक्षण गाडीचे असले तरी त्यात माणसेच जास्त येतील.

आधी गाडीविषयी थोडक्यात. इंजिन मागे लटकलेले असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाके रस्त्याला अशी काही चिकटतात की अंगठा दाबून उघडायच्या त्या जुन्या पद्धतीच्या दारापासून ते कडक क्लचपर्यंतचे सगळे कष्ट वसूल होतात. मात्र त्याच वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू पुढे येऊ पाहते. 1975 साली आलेल्या पहिल्या टर्बोने या सवयीमुळे आणि टर्बोच्या उशिरा येणाऱ्या धक्क्यामुळे मोठी कुप्रसिद्धी मिळवली होती. नंतरच्या गाड्या पुष्कळ समजूतदार झाल्या आहेत, पण वळणात निर्णय बदलू नये ही शिस्त त्या अजूनही शिकवतात. जुन्या 911 मध्ये पाचपैकी कडेच्या तबकड्या स्टिअरिंगच्या चाकाआड अर्ध्या झाकल्या जातात, आणि गंमत म्हणजे या दोषावर मालकाकडून जितके प्रेम केले जाते तितके क्वचितच एखाद्या गुणावर केले जाते.

बाजारात सर्वांत आधी भेटतात ते सोवळेकरी. 1998 साली 993 ही पिढी संपली आणि तिच्याबरोबर हवेने थंड होणारे इंजिनही गेले; सोवळेकऱ्यांच्या लेखी 911 चा इतिहास त्याच वर्षी आटोपला. पाण्याने थंड होणाऱ्या 996 या पुढच्या पिढीचा विषय निघाला की ते त्या गाडीचे तळलेल्या अंड्याच्या आकाराचे दिवे एवढेच बोलून गप्प बसतात. यांच्या गाड्या सहसा उत्तम असतात, कारण इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर कोरलेले क्रमांक मूळ नोंदींशी जुळतात की नाही हे त्यांनी विकत घेतानाच भिंगातून पाहिलेले असते. अडचण पुढे येते. ते गाडी दाखवतात, तिच्यावर बोलतात आणि खरेदीदार लायक आहे की नाही याची परीक्षाही घेतात. त्यातला हमखास प्रश्न ऑइलचा असतो, आणि तो रास्त आहे: या गाड्यांत ऑइलची पातळी इंजिन चांगले तापलेले, चालू आणि गाडी सपाट जागेवर असतानाच पाहायची असते. नवखा मालक थंड, बंद इंजिनात पट्टी बुडवतो, ती कोरडी निघाल्यामुळे हादरतो आणि ऑइल ओतत सुटतो. मग जादा ऑइल हवेच्या फिल्टरपर्यंत पोहोचते आणि गाडी निळा धूर सोडू लागते. सोवळेकऱ्याच्या परीक्षेत नापास झालात तरी हा एक धडा पदरात पाडून घ्यावा.

त्यांच्याच शेजारी कुलूपवाले राहतात. यांची गाडी कमी चालली आहे हे सांगायची गरज नसते, कारण जाहिरातीच्या पहिल्या ओळीत तेच असते. गॅरेजमध्ये हवेतील ओलावा शोषणारे यंत्र, बॅटरीला अखंड जोडलेला चार्जर, गाडीवर मापाने शिवलेले मऊ आवरण आणि त्या आवरणावर धूळ बसू नये म्हणून आणखी एक आवरण असा त्यांचा थाट असतो. खरेदीदार भारावून जातो. त्याने भारावून न जाता गुडघ्यावर बसावे आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. तो 2312 असा असेल तर टायर 2012 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. त्या टायरवरची नक्षी कोरी करकरीत दिसेल, पण रबर इतके कडक झालेले असेल की ओल्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर पहिलेसुद्धा वळण घेऊ नये. रबरी सील सुकतात, ब्रेकचे द्रव ओलावा ओढून घेते, डिस्कवर गंज चढतो, आणि महिन्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू करण्याचा जो विधी कुलूपवाले निष्ठेने पाळतात, त्याने ऑइल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून सुटलेले पाणी आतच राहते. इतक्या मायेने एखाद्या यंत्राचे इतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही मालकाला जमत नाही. कुलूपवाल्याकडून घेताना टायर, द्रव, बेल्ट आणि सील यांचा खर्च किमतीतून सरळ वजा करावा. तो दुखावेल. इलाज नाही.

कुलूपवाल्याचा अगदी उलटा अवतार म्हणजे घड्याळवाले. हे बहुधा जीटी3 या ट्रॅकसाठी घडवलेल्या 911 चे मालक असतात, आणि जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर 2021 सालच्या जीटी3 ने 7 मिनिटांच्या आत फेरी पूर्ण केली, ही कामगिरी ते घरातल्या मुलाचा बोर्डाचा निकाल सांगावा तशी सांगतात. त्यांच्या गाडीत मागे सीटच्या जागी लोखंडी पिंजरा असतो, पुढे कार्बनच्या खोल सीट असतात, आणि त्या सीटमधून बाहेर पडण्यासाठी त्यांचे आप्त एक हात दारावर, दुसरा उंबऱ्यावर टेकवून जी कसरत करतात ती पाहून हे टायरमधल्या हवेच्या दाबाविषयी बोलत राहतात. गाडी विकताना मात्र प्रत्येक घड्याळवाला सांगतो की ट्रॅकवर ती फार गेली नाही, आणि गेली तेव्हाही हळूच गेली. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी स्वभावाची पारख लागत नाही, कारण गाडीचा संगणक इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा गेले आणि शेवटचे केव्हा गेले हे इंजिनाच्या चालू तासांनिशी नोंदवून ठेवतो. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथा टाकण्याऐवजी चुकून दुसरा पडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि मर्यादा राखणारी यंत्रणा हतबल होते. त्या क्षणाची नोंद पुसली जात नाही. खरेदीपूर्व तपासणीत हा अहवाल मागावाच. मालक तो आनंदाने देत असेल तर गाडी ट्रॅकवर गेलेली असली तरी घ्यायला माझी हरकत नाही, कारण घड्याळवाले ऑइल आणि ब्रेक यांच्याबाबतीत कंजूषपणा करत नाहीत.

यादीवाल्यांवर जास्त शब्द खर्च करण्याचे कारण नाही. एसीच्या झरोक्यांच्या पट्ट्यांना चामडे, फ्यूजच्या झाकणाला चामडे, चावीला गाडीचा रंग आणि सीटबेल्टला तिसराच रंग असा त्यांचा हिशेब असतो, आणि पुढच्या बॉनेटखालच्या कागदावरचे ऑप्शनचे सांकेतिक क्रमांक त्यांना तोंडपाठ असतात. या चामड्यासाठी त्यांनी मोजलेले पैसे तुम्ही मोजू नयेत, एवढे पुरे.

मॅन्युअलचे सत्याग्रही आणि सट्टेवाले यांची गोष्ट मात्र एकत्रच सांगावी लागते. 2013 साली जीटी3 फक्त पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आली, तेव्हा सत्याग्रह्यांनी आकाशपाताळ एक केले; तीन पेडल नसतील तर ती 911 च नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांची हाक जणू ऐकूनच 2016 साली 911 आर आली: 4 लिटरचे 500 अश्वशक्तीचे इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकूण फक्त 991 गाड्या. सत्याग्रह्यांनी जल्लोष केला आणि गाड्यांचा बराच वाटा सट्टेवाल्यांनी उचलला. ज्या पेडलसाठी एवढे रान उठले, त्या पेडलवर पायही न ठेवता कित्येक गाड्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने पुन्हा विक्रीला लागल्या. मग 2017 साली साध्या जीटी3 मध्येच मॅन्युअल मिळू लागला, मोठा पंख नसलेली टूरिंगही आली, आणि आरचे भाव उतरले. सट्टेवाल्यांचा चेहरा त्या वर्षी पाहण्यासारखा होता. त्यांच्याकडून गाडी घेण्यात धोका फारसा नाही, पण सीटवरचे प्लास्टिक अजून निघालेले नसेल तर कुलूपवाल्यांविषयी वर जे लिहिले आहे ते पुन्हा वाचावे. सत्याग्रही स्वतः बहुधा जुनी, साधी कॅरेरा, म्हणजे 911 चे नेहमीचे मॉडेल, चालवताना आढळतात, आणि त्यांच्या गाडीचा गिअर असा अचूक आणि लोण्यासारखा पडतो की त्यांचा हट्ट पटू लागतो.

बिल्ला हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. काही मालक मागचे मॉडेलचे नाव मुद्दाम काढून घेतात, काही साध्या कॅरेराला टर्बोचा बिल्ला लावतात. दुसऱ्या वर्गाला हसणारे विसरतात की 991 या पिढीच्या उत्तरार्धापासून साध्या कॅरेरालाही टर्बो आहेच, आणि पोर्शने टायकान या विजेवरच्या गाडीलाही टर्बो म्हणवून घेतले आहे, जिच्यात टर्बो बसवायला इंजिनच नाही. तेव्हा या बाबतीत खोटेपणाचा आरोप जपून करावा.

सबबवाल्यांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल, कारण गाडीची सर्वांत चांगली जाहिरात तेच करतात. मागे दोन सीट आहेत, पुढे सामानाला जागा आहे, म्हणून ही कुटुंबाची गाडी आहे, असे ते घरी सांगतात. मागच्या सीटवर लहान मूल खरोखरच बसते. मोठा माणूस बसला तर त्याच्या गुडघ्यांचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यावर सोडला जातो. पण त्यांचा मूळ मुद्दा खरा आहे. बाहेर नीट दिसते, गाडी फार रुंद नाही, रोज चालवली तरी कुरकुरत नाही, आणि या गटातल्या इतर बऱ्याच गाड्यांच्या मालकांना जे सुख आठवड्यातून एकदा मिळते ते 911 च्या मालकाला कामावर जाता-येता मिळते. सबबवाल्याची गाडी जरा ओरखडलेली, आत बिस्किटांचा चुरा असलेली, पण यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असते. पुढच्या बंपरवर खड्यांचे ठिपके दिसले तर नाक मुरडू नये. ठिपके मुळीच नसतील तर मात्र पुढचा भाग पुन्हा रंगवला आहे का, हे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने पाहावे.

आता ज्याच्याकडून मी स्वतः डोळे मिटून गाडी घेईन, त्या शंकेखोराकडे वळतो. हा बहुतेक 996 चा किंवा तिच्यानंतरच्या 997 या पिढीतल्या सुरुवातीच्या गाडीचा मालक असतो. या पिढ्यांच्या साध्या कॅरेरामध्ये इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग आहे, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात. ते बिघडले तर कॅमशाफ्टचा ताळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जाते. असे प्रत्येक गाडीत होत नाही, त्या काळातल्या टर्बो आणि जीटी3 च्या इंजिनाचा तर या बेअरिंगशी संबंधच नाही, आणि 2009 सालापासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला आहे. पण शंकेखोराची झोप उडायला एवढे पुष्कळ आहे. तो रेडिओ लावत नाही, कारण इंजिन ऐकायचे असते. तो ऑइल ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी बदलतो, जुना फिल्टर कापतो, त्यातला कागद घडी उलगडून उन्हात पसरतो आणि धातूचा कण चमकतो का ते चुंबक फिरवून पाहतो. कण ॲल्युमिनियमचा निघाला तर चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तो ऑइलचा नमुना प्रयोगशाळेतही पाठवतो. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते बेअरिंग हाती लागत नसल्यामुळे क्लच बदलताना त्याने तेही बदललेले असते, आणि क्लच बदलण्याचे कारण खरे तर बेअरिंगच होते हे तो थोड्या आग्रहानंतर मान्य करतो.

या माणसाबरोबर राहणे अवघड असेल, पण त्याच्या गाडीइतकी निर्धोक खरेदी नाही. प्रत्येक बिल फाइलमध्ये तारखेने लावलेले असते, गाडी नियमित चालवलेली असते, कारण उभ्या गाडीतले बेअरिंग लवकर जाते असे त्याला एखाद्या मेकॅनिकने सांगितलेले असते, आणि 996 च्या दिव्यांना सोवळेकरी हसत असल्यामुळे किंमतही बरीचशी वाजवी असते. सौदा करताना त्याच्याशी फार घासाघीस करावी लागत नाही. गाडीतला प्रत्येक दोष तो आपण होऊनच सांगतो, त्यांतले निम्मे त्याला फक्त ऐकू येत असतात. एवढेच ध्यानात ठेवावे की व्यवहार झाल्यावरही त्याचे फोन येत राहतात. गाडी कशी आहे हे तो तिसऱ्या वाक्यात विचारतो. पहिली दोन ऑइलची असतात.