लघुप्रबंधासाठी थीमॅटिक अ‍ॅनालिसिस की ग्राउंडेड थिअरी?

पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधाचा विषय ठरतो, मुलाखती घ्यायच्या हेही ठरतं, आणि मग गाईड विचारतात, "विश्लेषण कोणत्या पद्धतीनं करणार?" उत्तर बहुतेक वेळा थीमॅटिक अ‍ॅनालिसिस किंवा ग्राउंडेड थिअरी यांपैकी एक असतं. वरवर दोन्ही सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत मुलाखती असतात आणि कोडिंगही, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थ सांगणारी छोटी नावं देणं, असतं. कामाचा क्रम मात्र इतका वेगळा आहे की सगळ्या मुलाखती उरकल्यावर निवड बदलणं फार अवघड जातं. म्हणून माझं मत आधीच सांगते: विश्लेषण सुरू केल्यावर पुन्हा फील्डवर जाता येणार नसेल, तर ग्राउंडेड थिअरीच्या वाटेला जाऊ नका.

ग्राउंडेड थिअरी 1967 मध्ये बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी मांडली. त्यामागे रुग्णालयांतल्या मरणासन्न रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास होता. आधीचा सिद्धांत घेऊन तो पडताळत बसण्यापेक्षा सामग्रीतूनच सिद्धांत उभा करायचा, हा त्यांचा आग्रह. थीमॅटिक अ‍ॅनालिसिस त्या नावानं आधीपासून वापरात होतं, पण व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या 2006 च्या लेखामुळे त्याला सहा टप्प्यांची नीट घडी बसली. तिथं सिद्धांत उभारण्याची सक्ती नाही. सामग्रीतले अर्थाचे धागे, म्हणजे थीम, शोधायचे आणि ते तुमच्या प्रश्नाला काय उत्तर देतात हे दाखवायचं.

एक वाक्य घेऊन बघू. समजा, रात्रपाळीची एक नर्स म्हणाली, "ड्यूटीवरून घरी फोन करत नाही, आवाजावरून आईला कळतं." थीमॅटिक पद्धतीत याला 'घरच्यांपासून थकवा लपवणं' असा कोड द्याल. बाकीच्या मुलाखतींतले जवळचे कोड शेजारी ठेवाल. त्यातून कदाचित 'घरच्यांना झळ लागू न देणं हाही कामाचाच भाग' अशी थीम आकाराला येईल. त्यासाठी नवी मुलाखत लागेलच असं नाही.

ग्राउंडेड थिअरीत तेच वाक्य तुम्हाला पुन्हा बाहेर काढतं. 'आवाज सांभाळणं' असा क्रियेचा कोड दिलात की लगेच मेमो, म्हणजे त्या कोडविषयी स्वतःसाठीचं टिपण, लिहायचा: हे कोण करतं, कधी करतं, कधी जमत नाही? मग पुढची मुलाखत मुद्दाम अशा नर्सची घ्यायची, जिची आईही नर्स होती. तिच्यापासून काय लपणार? त्यानंतर एकटी राहणारी नर्स शोधायची. प्रत्येक नवी मुलाखत आधीच्या कोडशी ताडून बघायची, प्रश्नही बदलत न्यायचे. पुढची मुलाखत कोणाची हे असं आधीच्या कोडवरून ठरवण्याला सैद्धांतिक नमुनानिवड म्हणतात, आणि ही पद्धतीचा कणा आहे. एकाच आठवड्यात सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसलात, तर कितीही बारकाईनं कोड दिलेत तरी तिला ग्राउंडेड थिअरी म्हणणं मला पटत नाही. परीक्षकही नेमकं हेच विचारतात.

यातून अगदी व्यवहाराची एक अडचण येते: एथिक्स कमिटीची मंजुरी. मुलाखतींचे प्रश्न बदलतील, सहभागी टप्प्याटप्प्यानं ठरतील, हे अर्जात आधीच लिहावं लागतं. नाहीतर ऐनवेळी सुधारित मंजुरीसाठी आठवडे जातात.

शिकायला सोपं काय? सुरुवात थीमॅटिकची सोपी, पण तिथं एक खड्डा ठरलेला आहे. विद्यार्थी मुलाखतीतले प्रश्नच थीम म्हणून लिहितात: 'कामाचे तास', 'कुटुंब', 'पगार'. हे झाले विषय. थीममध्ये काहीतरी म्हणणं असावं लागतं. दुसरं म्हणजे, ब्राउन-क्लार्क यांची आजची मांडणी संशोधकाच्या स्वतःच्या वाचनाला महत्त्व देते. एकच मजकूर दोघांनी कोड करून त्यांचे कोड किती टक्के जुळतात हे मोजणं तिच्यात बसत नाही. त्यांचा आधार घेऊन ती टक्केवारी देऊ नका.

ग्राउंडेड थिअरीत तर आधी घराणं निवडावं लागतं. 1990 मध्ये स्ट्रॉस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांनी ठरावीक चौकटीचं कोडिंग मांडलं, ग्लेझर यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि पुढे कॅथी चारमाझ यांनी रचनावादी शाखा, म्हणजे अर्थ संशोधक आणि सहभागी मिळून घडवतात असं मानणारी, वाढवली. तिन्हींतलं थोडं थोडं उचललं की पद्धतीचं प्रकरण डळमळतं. नवख्यांना मी चारमाझ सुचवते. त्यांचं लेखन वाचायला सुलभ आहे आणि संशोधकाची भूमिका मोकळेपणानं मान्य करतं.

'किती मुलाखती?' याला बरेच जण बारा हा आकडा सांगतात. त्यामागे 2006 चा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा अभ्यास आहे. घाना आणि नायजेरियातल्या 60 मुलाखतींत पहिल्या बारांतच बहुतेक कोड आले होते. पण तिथं गट बऱ्यापैकी एकजिनसी होता आणि प्रश्न सगळ्यांना सारखेच होते. प्रश्नच बदलत जाणाऱ्या ग्राउंडेड थिअरीला हा आकडा लावू नये.

सॉफ्टवेअरवरून निवड करू नका. एनव्हिवो या कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होतात, कागदावरही होतात.

एका सत्राचा लघुप्रबंध असेल तर थीमॅटिक घ्या, आणि मेमो लिहिण्याची सवय मात्र ग्राउंडेड थिअरीकडून उचला. पीएचडीकडे जायचं असेल, हाताशी वर्षभर असेल आणि एखादी प्रक्रिया कशी घडते हाच तुमचा प्रश्न असेल, तर ग्राउंडेड थिअरीचे कष्ट सार्थकी लागतात. ठरत नसेल, तर पहिल्या मुलाखतीचं शब्दांकन स्वतः करा, त्यातलं एक पान ओळीओळीनं कोड करा आणि दुसरी मुलाखत ठरवण्याआधी ते गाईडना दाखवा.