जर्मनीत मोटरहोम घेताय? आधी डुकाटोची चासी नीट बघा

मोटरहोम बघायला गेलं की आधी पलंग, सोफा आणि ओटा दाखवला जातो. दिवसाला चारशे किलोमीटर चालवल्यावर पाठ शाबूत राहते की नाही, हे मात्र खालच्या चासीवर ठरतं. युरोपात सर्वाधिक मोटरहोम फियाट कंपनीच्या डुकाटो या व्हॅनवर बांधलेली दिसतात, म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः तिचा.

चालवायला सगळ्यात सोपी पॅनल व्हॅन, म्हणजे कंपनीच्या मूळ पत्र्याच्या बॉडीतच घर बसवलेली गाडी. डुकाटोत ५.९९ आणि ६.३६ मीटर या दोन लांब्या जास्त दिसतात, पण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, दोन्हींचा ४०३५ मिलिमीटरच. म्हणजे वाढलेले ३७ सेंटीमीटर सगळे मागच्या चाकांच्या मागे लोंबतात. पार्किंगमधून वळून निघताना मागचा कोपरा बाहेर जातो, फेरीबोटीच्या उतारावर बंपर घासतो. दोघांसाठी ५.९९ घ्यावी. डुकाटो आतून १.८७ मीटर रुंद असल्यामुळे तिच्यात आडवा पलंग बसतो. मर्सिडीजची स्प्रिंटर साधारण ९ सेंटीमीटरने अरुंद आहे, तिथे बऱ्याचदा उभा पलंग टाकावा लागतो. स्प्रिंटर रियर-व्हील ड्राइव्हमध्येही, म्हणजे मागच्या चाकांनी ओढणारी, मिळते, आणि घाटात भरलेली गाडी उचलायला ते बरं.

चौघांसाठी सेमी-इंटिग्रेटेड पाहा, म्हणजे केबिन मूळ व्हॅनची आणि मागचं घर वेगळं बांधलेलं. केबिनच्या डोक्यावर पलंग असलेली अल्कोव्ह गाडी मुलांना फार आवडते, पण तिचं कपाळ वारा अंगावर घेतं. हायवेवर ट्रकच्या शेजारून जाताना आधी बाहेर ढकललं जातं आणि लगेच आत ओढलं जातं. अल्कोव्हमध्ये हे दोन्ही धक्के स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवतात. रोज लांबचा पल्ला असेल तर ती टाळा.

आता वजन, कारण सगळी गफलत इथेच होते. साध्या कारच्या ‘बी’ परवान्याची मर्यादा, माणसं-सामानासकट, ३५०० किलो. समजा कागदावर गाडी ३००० किलो आहे. त्यात ७५ किलोचा चालक आणि टाकीतलं डिझेल धरलेलं असतं. पाणी मात्र बऱ्याचदा वीसच लिटर. कागदावरच्या वजनात ५ टक्के फरक चालतो, म्हणजे खरी गाडी ३१५० किलोची निघू शकते. उरले ३५०. तीन प्रवासी २२५. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की आणखी ८०. शिल्लक ४५ किलो, आणि त्यात कपडे, किराणा, सायकली, छत्रीसारखं उघडणारं ऑनिंग हे सगळं बसवायचं. म्हणून सात मीटरची गाडी चौघांसाठी घेण्याआधी वजनकाट्याची पावती मागा, तीही पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी.

वेगवेगळी का? मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते, तेच इथे घडतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर १५० किलो वाढतात आणि पुढची चाकं ५० किलोंनी हलकी होतात. डुकाटो ओढते पुढच्या चाकांनी. ओल्या गवतावर तिची चाकं जागीच फिरत राहतात आणि वाऱ्यात स्टिअरिंग हलकं लागतं. जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, जमिनीलगत ठेवा.

चासी दोन प्रकारांत येते. हलकीला १५ इंची चाकं, हेवी किंवा मॅक्सीला १६ इंची, मोठे ब्रेक आणि मागच्या अ‍ॅक्सलची जास्त क्षमता. रिकामी असताना हलकी जरा मऊ चालते, तरी सात मीटरच्या गाडीला हेवीच हवी. मागे स्प्रिंग म्हणून साधे लोखंडी पाटे असतात. खड्ड्यावर भांडी वाजतात आणि वळणावर गाडी झुलते. पाट्यांना जोड म्हणून एअर बेलोज, म्हणजे हवा भरलेले रबरी फुगे, बसवले की झुलणं कमी होतं, पण त्यांनी मान्य वजन आपोआप वाढत नाही. आल्को या कंपनीची चासी असेल तर मागची चाकं स्वतंत्र टॉर्शन बारवर, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांवर, आणि फ्रेम खाली असते. वळणावरचा फरक पहिल्याच गोल चौकात कळतो. जुन्या आल्को अ‍ॅक्सलला ठरावीक काळाने ग्रीस लागतं. ग्रीस भरायचे निपल कोरडे, गंजलेले दिसले तर किंमत पाडून मागा.

गिअरबॉक्स पाहताना वर्ष विचारा. २०१९ पासून डुकाटोला टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, ९ गिअरचा ऑटोमॅटिक मिळू लागला (२०२४ पासून ८ गिअरचा) आणि तो छान आहे. त्याआधीचा ‘कम्फर्टमॅटिक’ म्हणजे मॅन्युअल बॉक्सच, क्लच यंत्र दाबतं. गिअर बदलताना मान पुढे जाते, आणि गाडी समपातळीत आणायला पाचरीवर चढवताना क्लच तापतो. त्या गाडीत ट्रायल घेताना चढावर रिव्हर्स घेऊन जळका वास येतो का बघा.

आपल्याकडच्या उंचीचा एक मुद्दा. केबिनची सीट मागे फिरावी म्हणून तिच्याखाली चकती बसवतात, त्याने बैठक वर येते. सव्वापाच फुटी चालकाचे पाय अधांतरी राहतात आणि तासाभरात मांड्या भरून येतात. कमी उंचीचा सीट-बेस मिळतो. ऑर्डर देतानाच मागून घ्या.

टायर ‘सीपी’ शिक्क्याचे, म्हणजे खास मोटरहोमसाठीचे, असतील तर मागच्यांत ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआय हवा असते. पुढच्यांतही डोळे झाकून तेवढीच भरल्यामुळे कित्येक गाड्या उगाच कडक चालतात. पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन करून टायर कंपनीच्या तक्त्यातला आकडा घ्या.