गुगलवर खानावळ: माणूस लावावा की स्वतः बसावं?

गोव्यात म्हार्दोळला आमची सहा टेबलांची घरगुती खानावळ आहे. म्हाळसेचं दर्शन आटोपून बाहेर आलेला माणूस फोनवर ‘शाकाहारी जेवण’ शोधतो. त्यात दिसलो तर ताट वाढायचं, नाही तर गाडी सरळ फोंड्याला जाते. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारं आपल्या धंद्याचं पान, हवंच, आणि ते फुकट असतं, हे आता कोणाला सांगायला नको. प्रश्न एवढाच, की दरमहा पैसे देऊन माणूस लावायचा की आपणच सांभाळायचं. मी दोन्ही करून झालोय.

आधी माणूस लावला होता. त्याचं काम वाईट होतं असं म्हणवत नाही. त्याने काढला तसा खतखत्याचा फोटो मला आजही जमत नाही. दोन दिवसांत सगळं उभं केलं त्याने. फक्त खानावळीच्या नावाला ‘बेस्ट व्हेज थाळी मंगेशी’ असं शेपूट जोडलं. आम्ही म्हार्दोळात, मंगेशी अलीकडे राहिली! पाटीवर असेल तेच नाव द्यायचं, असा गुगलचा नियम आहे आणि अशा शेपटापायी प्रोफाइल निलंबितही होऊ शकतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तरी चाललं असतं. बिनसलं ते गणपतीच्या चवथीला. आम्ही पाच दिवस बंद ठेवतो, पण प्रोफाइलवर ‘उघडे आहे’ तसंच राहिलं. कोल्हापूरची एक गाडी पोरंबाळं घेऊन दारात आली, कुलूप बघून गेली आणि रात्री एक तारा ठेवून गेली. मी वेळ बदलायला गेलो तर बदलता येईना, कारण प्रोफाइल त्याच्या ईमेलवर होतं. माझ्याच खानावळीत मी पाहुणा! तो सणाला गावी गेलेला, फोन बंद. शेवटी गुगलवरून मालकीची विनंती पाठवली. प्रोफाइल ज्याच्या ईमेलवर आहे, त्याला उत्तराला तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत मी दर तासाला फोन बघत होतो.

स्वतः करण्यात कटकट नाही असं नाही. खानावळ माझीच आहे याच्या पडताळणीला गुगलने व्हिडिओ मागितला. तो न तोडता, एका दमात काढावा लागतो: आधी रस्ता, मग पाटी, मग आपणच आत जाणारे आहोत हे दिसायला हवं. मी हमरस्त्यापासून चालत निघालो, पाटी दाखवली, कुलूप उघडून गल्ल्यापर्यंत गेलो. दोनदा मधेच कुत्रं आडवं आलं, तिसऱ्यांदा जमलं. नकाशावरची पिन मात्र स्वतः ओढून ठेवा. आपल्याकडच्या घर नंबरावरून आणि वाड्याच्या नावावरून नकाशाला फारसं काही उमगत नाही. आमची आधी थेट कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पडली होती.

‘पहिल्या नंबरला आणतो’ म्हणणाऱ्याला जरा जपून. जुळणारा शोध, अंतर आणि नावलौकिक या तिन्हींवर क्रम ठरतो, असं गुगलच सांगतं. पैसे घेऊन क्रम वर नेत नाही, हेही सांगतं. यातलं अंतर तर कोणाचा बापही बदलू शकत नाही. राहिला नावलौकिक. तो जेवून उठलेल्या माणसाला ‘दोन ओळी लिहा हां’ म्हटल्याने थोडाफार वाढतो, असा माझा अनुभव. त्याबदल्यात सोलकढी फुकट देऊ नका, तेही नियमात बसत नाही.

चार शाखा असतील, किंवा फोनचा अगदीच कंटाळा असेल, तर माणूस लावा, माझी ना नाही. पण प्रोफाइल आपल्या ईमेलवर उघडा आणि त्याला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडा. तशी सोय आहे. याला जो कुरकुर करेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

यंदा गणपतीवरच्या माटोळीला नारळ बांधता बांधताच मी पाच दिवसांची सुट्टी ‘विशेष वेळा’त टाकली. कोल्हापूरकरांचा तो तारा अजून आहे. खाली माझी माफीही आहे.