सोनं आधी, रंग नंतर: मध्ययुगीन पोथी रंगवण्याचं एक किट

कोल्हापुरात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत सध्या मध्ययुगीन युरोपातल्या पोथ्यांची पानं रंगवण्याचं एक किट दिसतंय. किंमत २,४०० रुपये. आत छापील रेखाटनांचे पाच कागद, एक कोरा कागद, गुआशच्या (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगाच्या) पाच ट्यूबा, सोनेरी वर्खाची २५ पानं, सोन्याखाली लावायच्या जेसोची पूड, दोन ब्रश, ओप द्यायची अकीकाची कांडी आणि १६ पानांची पुस्तिका. निकाल आधीच सांगून टाकतो: कांडी आणि रेखाटनं उत्तम, वर्ख टाकाऊ, आणि पुस्तिका लिहिणाऱ्याने एकही पान स्वतः रंगवून पाहिलेलं नसावं.

कारण पुस्तिका म्हणते, आधी रंग भरा आणि शेवटी सोनं लावा. असं केलंत की पान गेलंच म्हणून समजा. वर्ख गोंदाच्या रंगालाही चिकटतो, त्यामुळे सोन्याचे कपटे निळ्या-लाल भागावर बसतात आणि निघता निघत नाहीत. वर ओप देताना अकीक शेजारच्या रंगावरून घासतो आणि रंग उखडतो. युरोपातल्या अर्धवट राहिलेल्या पोथ्यांत सोनं लावून झालंय आणि रंगाची जागा कोरी आहे अशी पानं सापडतात, ती याचमुळे. रेखाटन, मग जेसो, मग सोनं, मग सपाट रंग, मग छाया, मग उजेडाच्या रेघा आणि सगळ्यात शेवटी काळी कड, हा क्रम पाळा.

पेटीतला वर्ख पितळेचा आहे. ओळखायचं कसं? दिव्यासमोर धरा. खऱ्या सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की त्यातून हिरवट उजेड दिसतो. पितळी पत्र्यातून काहीच दिसत नाही. पितळी वर्ख जाड असल्यामुळे नुसत्या श्वासाच्या दमटपणावर जेसोला धरत नाही, आणि पुढे कडांनी तपकिरी पडतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरायचा मोह टाळा. जुन्या पोथ्यांत चांदीने रंगवलेल्या नद्या आणि चिलखतं आज काळी ठिक्कर दिसतात. २२ किंवा २३ कॅरटच्या वर्खाची वही वेगळी घ्यावी, खर्च वाढतो पण इलाज नाही. कांडी मात्र खरंच चांगली आहे. टोक नखावरून फिरवून बघा, कुठेही खरखर लागता कामा नये. शंका असेल तर गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या हातात द्या, तो क्षणात सांगेल.

आता जेसो, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. सोन्याखालची ही उंचवट्याची गादी. नेहमीचं प्रमाण म्हणजे पाण्यात मुरवून मारलेलं प्लास्टर ८ भाग, सफेदा ३ भाग, साखर १ भाग, माशाचा सरस १ भाग आणि रंग दिसावा म्हणून चिमूटभर लाल माती. मूळ कृतीत सफेदा शिशाचा, म्हणजे विषारी. पेटीत त्याऐवजी टायटॅनियमचा आहे, हे योग्यच केलंय. पूड डिस्टिल्ड पाण्यात थेंब थेंब घालून पातळ सायीइतकी करा. फेटू नका, बोटाने हळू मळा. बुडबुडा राहिला की वाळल्यावर तिथे खड्डा पडतो आणि सोन्यावर तो देवीच्या व्रणासारखा दिसतो. (जुन्या कृतींत बुडबुडे मारायला कानातला मळ घालायला सांगितलंय. उपाय चालतो म्हणतात. आपण अर्धा तास झाकून ठेवलेलं बरं.) एकच जाड थर दिला तर तडे जातात, म्हणून तीन-चार पातळ थर द्या आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

साखरेचं काम हवेतला ओलावा धरायचं. वाळलेल्या जेसोवर कागदाच्या नळीतून पोटातून तीन-चार उष्ण श्वास सोडले की तो जरासा जागा होतो. त्याच क्षणी वर्ख टेकवायचा, बटर पेपरवरून दाबायचा, अर्ध्या तासाने हलका ओप द्यायचा. पुस्तिकेतलं 'पहाटे, हवा दमट असताना सोनं लावा' हे थंड कोरड्या देशाला ठीक. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली की जेसो सुकतच नाही, आणि ओप देताना सोनं साय सरकावी तसं सरकतं. पावसाळ्यात साखर निम्मी करा आणि उघडीप मिळालेल्या दुपारी काम करा. एप्रिल-मेमध्ये उलट: सकाळी लवकर बसा, नाहीतर श्वास पोचायच्या आधीच उडून जातो आणि वर्ख कडेला फाटतो. दोन्ही ऋतूंत पंखा बंद. आणि आपल्याकडे मुबलक आहे म्हणून साखरेऐवजी गूळ घालू नका, तो जास्त पाणी धरतो आणि गादी कायमची चिकट राहते.

रेखाटनं सुंदर आहेत, पण त्यांच्याबद्दल पुस्तिकेत जे लिहिलंय त्याने कपाळाला हात लावायची वेळ येते. हत्तीचं पान घ्या. पाय खांबासारखे सरळ, गुडघाच नाही. पुस्तिकेचा सल्ला: 'प्राचीन चित्रकाराची चूक सुधारून काढा.' अजिबात सुधारू नका! कोल्हापूरच्या माणसाला हत्तीचे गुडघे कुणी शिकवायला नकोत, पण इथे गुडघा नसणं हीच सगळी गोष्ट आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या प्राणिग्रंथांत, म्हणजे प्राण्यांच्या गोष्टींतून धर्म शिकवणाऱ्या पोथ्यांत, हत्तीला सांधे नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो. शिकारी झाड अर्धं कापून ठेवतात. तो पडतो, मोठे हत्ती उठवू शकत नाहीत, आणि एक लहानसा हत्ती येऊन त्याला उठवतो. पडलेला तो मानव, लहान तो ख्रिस्त. निसर्ग हा देवाने लिहिलेला दुसरा ग्रंथ, आणि प्राणी ही त्यातली अक्षरं, असं मानणाऱ्या माणसाला हत्ती कसा दिसतो यापेक्षा तो काय सांगतो हे महत्त्वाचं होतं. चोच छातीत खुपसून रक्ताने मेलेली पिल्लं जिवंत करणारा पेलिकन (दुसरं पान) त्याच जातीचा. त्याला गळ्याची पिशवी नाही, गरुडासारखी बाकदार चोच आहे. तीही तशीच ठेवा.

प्रत्यक्ष बघून काढणारेही त्याच काळात होते. १२५५ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला हत्ती भेट दिला, तो लंडनच्या टॉवर या किल्ल्यात ठेवला होता. सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या मॅथ्यू पॅरिसने त्याचं चित्र काढलं, आणि त्या हत्तीला गुडघे आहेत. तरीही प्राणिग्रंथांतला बिनगुडघ्याचा हत्ती चालूच राहिला. पुस्तिकेत हा एक परिच्छेद असता तर किट दुप्पट किमतीचं वाटलं असतं.

स्ट्रॉबेरीच्या चौकटीचं पान सगळ्यात जास्त वेळ मागतं. ही फ्लँडर्समधली (आजच्या बेल्जियमच्या भागातली), पंधराव्या शतकाच्या शेवटच्या चतकोरातली पद्धत: पिवळ्या जमिनीवर फुलं, फळं, माश्या विखुरलेल्या, आणि प्रत्येकाची सावली पानावर पडलेली. पुस्तिका जमिनीला वर्ख लावायला सांगते, तो लावलात तर चकाकीत सावली बुडून जाते. तिथे वर्ख नव्हताच. पिवळा रंग आणि त्यावर शिंपल्यात ठेवायची सोन्याची पूड, मंद झळाळीची. पेटीतल्या पिवळ्यात थोडा पांढरा आणि कणभर लाल मिसळून सपाट जमीन करा. उजेड डावीकडून धरा, सावली पातळ तपकिरी, देठापासून एक-दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवून. सावली देठाला चिकटली की फूल जमिनीत रुतल्यासारखं दिसतं, सरकली की तरंगतं. आणि फळ महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीएवढं रंगवू नका. ती मोठी जात अठराव्या शतकात दोन अमेरिकी जातींच्या संकरातून आली; या पानावरची आहे ती रानातली, करंगळीच्या टोकाएवढी. एकाच झुडपावर फूल आणि फळ दोन्ही काढायचं, तो तिचा अर्थाचा भाग. शेजारचं निळं अॅक्विलिजियाचं फूल त्याच्या मागच्या आकड्यांमुळे एकत्र बसलेल्या पारव्यांसारखं दिसतं, आणि पारवा म्हणजे पवित्र आत्मा. ज्या घरात शंकराला बेल आणि गणपतीला दुर्वा का, हे कुणाला विचारावं लागत नाही, तिथे हे पटकन कळेल.

रंग आधुनिक आहेत आणि तसेच असू देत. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दातून काढलेली निळाई त्या काळी सोन्याच्या बरोबरीने मोलाची; १८२८ पासून तेच द्रव्य कारखान्यात होतं आणि कपड्यांना घालायची नीळ म्हणून आपल्या घरात येतं. पुस्तिकेतला 'अस्सल रंग वापरून पाहा' हा सल्ला मात्र धोक्याचा आहे. महाद्वार रोडवरून शेंदूर आणून खल करायला बसू नका, त्यात शिसं असतं. ('मिनिएचर' हा शब्द या शेंदराच्या लॅटिन नावावरून, मिनियमवरून आला; लहान आकाराशी त्याचा मुळात संबंध नाही.) हरताळ या पिवळ्या रंगात आर्सेनिक असतं, शिवाय तो तांब्याच्या हिरव्याशेजारी काळवंडतो. आपल्या पोथ्यांत चुकलेल्या ओळीवर हरताळ फासायचे, तेवढी त्याची ओळख पुरे.

उरलेली दोन पानं साधी. फेब्रुवारीचं बर्फाचं पान लिंबूर्ग बंधू या चित्रकारांच्या १४११ ते १४१६ च्या सुमाराच्या पंचांगचित्रावरून घेतलंय; बर्फासाठी पांढरा रंग न लावता कागद कोरा सोडणं जास्त चांगलं दिसतं. वेलबुट्टीचं अक्षर नवशिक्यांनी आधी करावं. कागद दाणेदार असल्यामुळे बारीक रेघ तुटते, म्हणून रेखाटन ट्रेस करून ३०० जीएसएमच्या हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागदावर उतरवा.

कोऱ्या कागदावर 'आपल्या परिसरातली वनस्पती काढा' असं सुचवलंय. पुस्तिकेतली ही एकमेव जागा जिथे टाळी द्यावीशी वाटते. शतकानुशतकं वनौषधींची चित्रं चित्रावरून उतरवली गेली, इतकी की झाड ओळखू येईना. मग १४०० च्या आसपास इटलीतल्या पाडुआत, तिथल्या सत्ताधारी कर्रारा घराण्यासाठी केलेल्या ग्रंथात चित्रकाराने कित्येक झाडं समोर ठेवून काढली. सप्टेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तेरडा फुललेला असतो. तोडू नका, तिथेच बसून काढा. आधी फुलामागची बाकदार शेपटी, मग पाकळ्या, मग पानाची दातेरी कड. तेरड्याचा रंग तीन दिवस, तेव्हा गुलाबी नेमका कोणता ते ट्यूबमधल्या लाल आणि पांढऱ्याचे ठिपके देऊन कागदाच्या कडेला जागेवरच टिपून ठेवा.