कादंबरी आणि घंटा एकाच माणसाच्या हवाली केल्या, ६३ हजार गेले

लिहू की नको असं सहा महिने चाललं होतं. लाज वाटते हो. मी फोर्टला बँकेत आहे, काउंटरवर लोकांना ओटीपी देऊ नका, लिंक दाबू नका म्हणून दिवसभर सांगते, आणि स्वतः मात्र व्यवस्थित गंडले.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर कळणार नाही कशी फसले ते. भायखळ्याला आमच्या चर्चमध्ये हँडबेलचा ग्रुप आहे. हँडबेल म्हणजे काशाच्या, मूठ असलेल्या घंटा, प्रत्येक घंटेला एकच स्वर. आमच्याकडे दोन सप्तकांच्या २५ आहेत आणि वाजवणारी ११ मुलं, म्हणजे साधारण प्रत्येकाच्या दोन हातांत दोन. यासाठी मराठीत काही तयार मिळत नाही म्हणून मीच ना. वा. टिळकांची भजनं घंटांसाठी लिहून काढते. लय डोकेफोड काम आहे. घंटेला मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, एकतर वाजते नाहीतर नाही. आणि जलद जागा आली की बघावं लागतं की या पोराच्या उजव्या हातात पुढची घंटा यायला वेळ आहे का, माणसाला हात दोनच. रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे चालतं.

आणि सकाळी भांडुप ते सीएसएमटी लेडीज डब्यात, बसायला मिळालं तर, फोनवर कादंबरी. वसईच्या चर्चमधली घंटा १७३९ च्या मोहिमेनंतर देवळात जाते, तिची गोष्ट. (लहानपणी आवाज चढला की आई मला नारोशंकराची घंटा म्हणायची, ती नाशिकची घंटापण वसईकडूनच आलेली म्हणतात, डोक्यात तिथून बसलं.) चार वर्षं लागली. एक लिहायला घेतलं की दुसरं मागे पडायचं, नाताळ जवळ आला की कादंबरी दोन महिने बंद, नवरा म्हणायचा एक ना धड भाराभर चिंध्या. तीन प्रकाशकांना पाठवली होती, एकाने नाही म्हणून कळवलं, दोघांनी तेही नाही.

अशा वेळी फेसबुकवर ती जाहिरात दिसली. नवोदितांना संधी वगैरे. फोन केला तर माणूस पहिल्या मिनिटात मॅडमवरून ताईवर आला. दादरला एका हॉटेलात भेटलो. म्हणाला ताई, रात्रभर वाचत होतो, नायिकेचं दुःख वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता माझ्या कादंबरीत नायिका नाहीच! पण मी मनात म्हटलं, घंटा स्त्रीलिंगीच ना, तिलाच म्हणत असेल. बघा, माणसाला फसायचंच असलं की तोच समोरच्याची बाजू कशी सावरून घेतो. मग म्हणाला, कादंबरीच्या मागे तुमच्या घंटांचं नोटेशन छापू, शिवाय नोटेशनचं वेगळं पुस्तक, तुम्ही फक्त लिहा, बाकीची धावपळ आमची. झालं, मला तेवढंच ऐकायचं होतं. दोन डगरींवर पाय ठेवून दमलेल्या बाईला कोणी सांगितलं की मी धरतो तुला, तर ती हिशोब विचारत नाही.

पॅकेज ४५,०००, कादंबरीच्या ३०० प्रती. मग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा तेरा आकडी ओळखीचा नंबर, असे दोन, प्रत्येकी ३,०००. मग टिळकांच्या भजनांच्या "हक्कांची परवानगी" १२,०००. सगळं एका पर्सनल यूपीआयवर, पावती व्हॉट्सॲपवर.

आता एकेक ऐका. आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. नुसत्या नोटेशनच्या पुस्तकाला तर तो लागतच नाही, संगीताच्या छापील प्रतींचा नंबर वेगळा असतो, आयएसएमएन, ९७९-० ने सुरू होणारा. आणि टिळक वारले १९१९ मध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट, तो कधीच संपला. १२ हजार त्याने कोणाला दिले असतील सांगा! मी टिळकांची भजनं वाजवते, त्यांचं साल मला पाठ आहे, तरी वजाबाकी केली नाही.

पाच महिने "प्रेसमध्ये आहे, ताई" ऐकल्यावर ३०० पैकी ३८ प्रती आल्या. जोडाक्षरं फुटलेली, "कृष्णाबाई" चं "क ष्णाबाई" झालेलं. नववं प्रकरण दोनदा, दहावं गायब. मागचं नोटेशन उजव्या बाजूने कापलेलं, प्रत्येक ओळीची शेवटची मात्रा कागदाबाहेर. आणि एका पानावर मी बघतच राहिले. हँडबेलच्या नोटेशनमध्ये एल आणि व्ही अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात, त्याचा अर्थ घंटा खांद्याला टेकवून बंद करू नका, घुमू द्या. टाइप करणाऱ्याने तो रोमन आकडा समजून सगळीकडे ५५ छापलेलं. सुंदर शांत शेवट आणि वर ५५, ५५, ५५.

त्या रात्री पुस्तकावरचा तेरा आकडी नंबर तपासला. सोपं आहे, आकड्यांना ओळीने १, ३, १, ३ असं गुणत जायचं आणि सगळ्याची बेरीज, तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. मात्रा मोजतात तसं बोटांवर मोजलं, ११७ आले. परत मोजलं, ११७. म्हणजे नंबरच बनावट. लंच टाइममध्ये टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आले, कारण प्रकाशकाने छापलेलं पुस्तक ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन लायब्रऱ्यांना पाठवायचं असतं आणि त्यातली एक ही. नव्हतंच तिथे.

पैशापेक्षा वाईट पुढे होतं. करार मी हॉटेलातच कॉफी पिता पिता सही करून दिला होता. नणंदेचा दीर वकील आहे, त्याने वाचला आणि म्हणाला, वहिनी, यात तुमच्या "सर्व साहित्यिक व सांगीतिक कृती" कायमच्या लिहून दिल्यात, पुढच्यासुद्धा. म्हणजे नाताळला माझ्याच पोरांनी माझंच लिहिलेलं वाजवलं तरी हा माणूस आडवा येऊ शकला असता. नोटीस पाठवली, खेटे घातले, बरीच दमदाटी ऐकली, शेवटी १५,००० आणि करार रद्द केल्याचं सहीचं पत्र मिळालं. ते पत्र मला १५ हजारांपेक्षा महत्त्वाचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन केला होता, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लगेच लावायचा, मी पाच महिन्यांनी लावला.

म्हणून कोणी तुमच्याकडे पैसे मागून पुस्तक काढतो म्हणाला तर मागायचे तर मागू देत, पैसे घेऊन चांगलं काम करणारेही आहेत, पण आधी त्याने काढलेली दोन पुस्तकं हातात घेऊन चाळा, करार घरी आणून रात्रभर ठेवा, आणि तुमच्या पुस्तकात सहाव्या प्रकरणात काय होतं ते त्याला सहज विचारा. मी हे एक जरी विचारलं असतं तरी कॉफीच्या बिलावर सुटले असते.

कादंबरी परत टाइप करतेय, सध्या घाटकोपरपर्यंत बसायला मिळत नाही म्हणून हळू चाललंय. ३८ प्रती प्रॅक्टिसच्या हॉलमध्ये आहेत, घंटांचं टेबल एका पायाने डुगडुगायचं, त्याखाली चार बरोब्बर बसल्या. पोरांना ते पान मी दाखवायला नको होतं. आता शेवटच्या ओळीला घंटा घुमू द्यायच्या असल्या की मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी हळूच म्हणतं, पंचावन्न.