धातू-क्लोरीन अभिक्रियांचा चित्रफीत-संच: दृश्ये उत्तम, विवेचन तोकडे

तापवलेले सोडियम क्लोरीनच्या हिरवट-पिवळ्या वायूत पिवळ्या ज्योतीने जळते आणि भांड्याच्या कडांवर पांढरे मीठ साचते, हे दृश्य या संचात अप्रतिम टिपले आहे. विवेचन मात्र उथळ आहे. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढण्यास दर मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, तर क्लोरीनने तो स्वीकारताना केवळ ३४९ मिळतात. हा आतबट्ट्याचा व्यवहार भरून निघतो तो मुख्यतः आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) स्फटिकजालक, म्हणजे त्यांची नियमित त्रिमितीय मांडणी, बनताना सुटणाऱ्या सुमारे ७८७ किलोज्यूलमुळे, आणि नेमकी हीच मेख निवेदक ‘अष्टक (बाह्य कवचातील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते’ एवढ्यावर गुंडाळतो. पोटॅशियमची अधिक तीव्र अभिक्रिया नुसती उल्लेखली आहे. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये दोन क्लोरीन का, हे उलगडणारे अ‍ॅनिमेशन तेवढे वर्गात अवश्य दाखवावे.