चावी काढली तरी गाणी चालू

जुन्या गाडीतला कॅसेटवाला सेट कॅसेटी गिळायला लागला, म्हणून टचस्क्रीनचा नवा स्टिरिओ बसवायला गाडी दुकानात दिली. बिलात सेट, फिटिंग आणि कपलर असे तीन वेगळे आकडे होते. कपलर म्हणजे मधला जोड. त्याच्या एका तोंडाला गाडीचं मूळ सॉकेट बसतं, दुसऱ्याला नवा सेट, आणि कंपनीच्या वायरिंगला कात्री लागत नाही. त्या आकड्यावर मी घासाघीससुद्धा केली नाही.

संध्याकाळी गाडी लावली, चावी काढली, तरी गाणं चालूच. दुकानदाराला फोन केला. "सोय आहे दादा ती! गाडी बंद करून निवांत गाणी ऐका. लोक यासाठी जास्तीचे पैसे देतात." मला हे पटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. मी गुपचूप सेटच्या बटणाने स्क्रीन बंद करायला लागलो.

आठवड्याच्या आत बॅटरी उतरली. "जुनी बॅटरी, नवा सेट. लोड झेपणार कसा?" असं म्हणून दुकानदाराने नवी बॅटरी गळ्यात मारली आणि जुनी बदल्यात ठेवून घेतली. ती जेमतेम दीड वर्षाची होती. मग गाडी चार दिवस उभी राहिली आणि नव्या बॅटरीवरही सेल्फ नुसता टकटक करू लागला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

ओळखीतल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. चावी काढून, दारं लावून त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मध्ये करंट मोजायला मल्टिमीटर जोडला. थोडा वेळ थांबले. आकडा ०.४ अँपिअरवर स्थिर. उभ्या गाडीने साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत राहायला हवं, हे त्याच्या आठपट! दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास म्हणजे माझी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी. सेटचा फ्यूज उपसला तसा आकडा धाडकन खाली आला.

मग सेट बाहेर ओढला. कपलर नव्हताच. मूळ सॉकेट मुळापासून कापलेलं, वायरी बोटांनी पिळून वर काळी टेप. उन्हाच्या तापाने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता आणि एक जोड तर हात लावताच सुटला. लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनला दिलेली. पिवळी कायम बॅटरीवरच असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लाल मात्र चावीवर चालणाऱ्या लाइनला हवी. माझ्या सेटची लाल वायरही कायम जिवंत, त्यामुळे स्क्रीन काळी झाली तरी सेट आत जागाच राहायचा. जुन्या गाडीच्या वायरींचे रंग नव्या सेटशी जुळत नाहीत, चावीवर चालणारी (इग्निशनची) वायर टेस्टर लावून शोधावी लागते. तेवढी दहा मिनिटं दुकानदाराने वाचवली, आणि वर त्या चुकीला 'सोय' म्हणाला.

काकांना अजून एक सापडलं. मागच्या दोन्ही स्पीकरच्या काळ्या पट्टीच्या वायरी बॉडीच्या स्क्रूला जोडल्या होत्या. काही जुन्या सेटना ते चालायचं. नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, एक जरी बॉडीला लागली तरी आतली अँप्लिफायरची चिप जळू शकते. "आवाज जपून ठेवता म्हणून वाचला," काका म्हणाले.   

कुणी असा सेट बसवणार असाल तर डॅशबोर्ड लावण्याआधी कपलर डोळ्यांनी बघा, फोटो काढा. पैसे देण्याआधी चावी काढा. सेट आपोआप बंद झाला नाही तर तिथून हलू नका. आणि जुना सेट सोडून येऊ नका. मी तोही सोडला होता, माझं कापलेलं सॉकेट त्याच्याच मागे लोंबकळत गेलं.

मी दुकानात जाब विचारायला गेलो. "तुमच्या गाडीला कपलर मिळतच नाही हो."

"मग बिलात कसा?"

"ते छापलेलंच असतं."

जुनी बॅटरी मागितली, तर ती त्याच दिवशी भंगारात गेली म्हणाला. बाहेर पडताना बघितलं, दाराशी चार्जरवर पाच-सहा बॅटऱ्या ओळीने लावलेल्या होत्या.